प्रेक्षकाची मान कोणी वळवावयाची?

नाटकास आलेल्या प्रेक्षकाने कोठे पाहावे, हा प्रश्न नागर मराठी रंगभूमीला आजवर फारसा अडला नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले. त्यानंतरच्या काही दशकांत पडदा आणि चौकट असलेला रंगमंच आपल्याकडे रुळला आणि या प्रश्नाचे उत्तर सुताराने व दिव्याने परस्पर देऊन टाकले. सभागृहात काळोख, समोर उजेडाचा एक चौकोन, आणि त्या चौकोनाकडे तोंड करून जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. एवढी व्यवस्था झाली की पाहणाऱ्याची नजर बांधली जाते. तिला त्या चौकोनातल्या चौकोनात इकडून तिकडे हलविणे, एवढेच काम मग दिग्दर्शकाकडे उरते.

हा चौकोनच नाहीसा करणारे एक नाट्यमाध्यम गेल्या दहा-बारा वर्षांत जगात आकार घेत आहे. डोळ्यांवर एक यंत्र चढवावयाचे. मग पाहणारा नाटकासमोर बसत नाही, नाटकाच्या मध्यभागी उभा राहतो. मान उजवीकडे वळवली तर उजवीकडचे दालन, मागे वळवली तर मागची भिंत, वर केली तर आभाळ. 'आभासी वास्तव' किंवा 'व्हर्च्युअल रिॲलिटी' या नावाने हे तंत्र ओळखले जाते. वैमानिकांच्या व शल्यवैद्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि खेळांसाठी वापरले गेलेले हे यंत्र नाटकवाल्यांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्यापुढे अगदी साधा दिसणारा पेच उभा राहिला. नायिका डावीकडे प्राण सोडत आहे आणि प्रेक्षक उजवीकडची खिडकी न्याहाळत आहे. अशा वेळी करावयाचे काय?

पेच केवढा आहे हे थोड्या आकड्यांवरून ध्यानात येईल. माणसाच्या दोन्ही डोळ्यांचा आडवा आवाका मिळून सुमारे २०० अंशांचा असतो. पण त्यातही बारीक अक्षर वाचता येईल इतके स्पष्ट दिसते ते मध्यभागातील जेमतेम २ अंशांपुरते. बाजारातील सामान्य यंत्रांतून एका वेळी साधारण १०० अंशांचे दृश्य दिसते, आणि आभासी जग तर ३६० अंशांचे. म्हणजे कोणत्याही क्षणी त्या जगाचा जवळजवळ पाऊण भाग प्रेक्षकाच्या नजरेबाहेर असतो. तेथे जे घडेल ते त्याच्यापुरते घडलेच नाही, असे समजावयाचे.

बाण, धक्का आणि काजवा

यावर तंत्रज्ञांनी जे उपाय योजले त्यांत सर्वांत सोपा म्हणजे हवेत बाण दाखविणे. तो रस्त्यावरील पाटीइतकाच उपयोगी आणि तितकाच नाट्यहीन. दुसरा उपाय जबरदस्तीचा : प्रेक्षकाने मान वळवली नाही तर त्याच्या भोवतीचे जगच फिरवावयाचे. त्यात अडचण अशी की, डोळे सांगतात आपण वळलो आणि कानातील तोलाची इंद्रिये सांगतात आपण जागीच आहोत. या विसंवादातून पुष्कळांना मळमळू लागते.

डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली या प्रश्नावर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही प्रेक्षकांना त्यांनी मोकळे सोडले, काहींचे आभासी शरीर सक्तीने वळविले, आणि काहींच्या समोर एक काजवा सोडला. हा काजवा त्या कथेच्याच जगातला. तो लुकलुकत उडे आणि जेथे पाहावयाचे तेथे जाई. काजवा उपयोगी वाटल्याचे प्रेक्षकांनी सांगितले. उलट, सक्तीने वळविल्यामुळे 'आपण तेथे आहोत' हा भास उणावण्याची शक्यता दिसली. निष्कर्ष साधा आहे. नजरेला बोलावणारी खूण कथेच्या आतली असेल तर प्रेक्षक तिच्यामागे आनंदाने जातो. बाहेरची असेल तर त्याला ती टोचते.

नाटकवाल्यांनी आपल्या परीने आणखी वाटा शोधल्या. अमेरिकेतील बॉस्टनच्या कॉमनवेल्थ शेक्सपिअर कंपनीने २०१९ साली 'हॅम्लेट' या माध्यमात आणले. तेथे प्रेक्षकाला भूमिकाच देण्यात आली, ती हॅम्लेटच्या मृत पित्याच्या भुताची. तो सर्वत्र आहे, पण त्याला कोणी अडवीत नाही. आणि हॅम्लेट जेव्हा पित्याशी बोलतो तेव्हा तो थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहतो. जर्मनीतील आउग्सबुर्गच्या नाट्यगृहाने २०२० च्या साथीच्या काळात नाट्यगृह बंद असताना ही यंत्रे प्रेक्षकांच्या घरी पोहोचविली आणि नाटक दिवाणखान्यात नेले. ज्या भागात बारमाही व्यावसायिक नाटक चालत नाही, मुंबई-पुण्याची नाटके दौऱ्यावर येतील तेव्हाच पाहावयास मिळतात, त्या नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांनी या दुसऱ्या घटनेकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. उद्या किनवट किंवा निलंग्याच्या शाळेतही अशा मार्गाने नाटक पोहोचू शकेल. प्रश्न एवढाच की ते नाटक कोणाचे असेल आणि त्याची पाहण्याची रीत कोणी ठरविलेली असेल.

चौकटीपूर्वीचे शहाणपण

वस्तुतः चौकट नसलेल्या जागी नजर सांभाळण्याची विद्या मराठवाड्याला नवी नाही. नांदेड जिल्ह्यात माहूर येथे रेणुकेचे ठाणे आहे आणि लातूरच्या शेजारी तुळजापूरला भवानीचे. या दोन देवींच्या नावाने घातला जाणारा गोंधळ हा या भागातील असंख्य घरांचा कुळाचार आहे. लग्नानंतर अंगणात चौक भरला जातो, घट मांडला जातो, दिवटी पेटते आणि गोंधळी उभा राहतो. लोक तीन बाजूंनी बसलेले, कधी चारही बाजूंनी. बायका ओसरीवर, मुले पेंगुळलेली, मागे जेवणावळीची आवराआवर चाललेली. खुर्च्या ठोकलेल्या नाहीत, काळोख पाडलेला नाही. तरीही रात्र उलटेपर्यंत आख्यान लागते आणि ऐकणारा जागचा हलत नाही.

हे कशाने साधते? गळ्याच्या गोडव्याने, कथेच्या ओळखीने आणि श्रद्धेने, हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. डॉ. प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकरंगभूमीचे जे विवेचन केले आहे त्यामुळे गोंधळ हा केवळ विधी नसून एक रचलेला प्रयोग आहे, ही जाण दृढ झाली. त्या रचनेत नजर वळविण्याची किमान तीन साधने स्पष्ट दिसतात.

पहिले साधन म्हणजे साथीदार. गोंधळात मुख्य नाईक एकटा कधीच नसतो. त्याच्या शेजारी झीलकरी असतो. तो सूर धरतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो ऐकतो. नाईक बोलू लागला की तो त्याच्याकडे पाहतो, हुंकार भरतो, मध्येच खुळा प्रश्न विचारतो, न समजल्याचे सोंग आणतो. प्रेक्षकाचे लक्ष अशा वेळी नाईकाकडे जाते ते झीलकऱ्याच्या नजरेतून. तमाशातही हेच. नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथील राहुट्यांत गवळण चालू असताना मावशी आणि पेंद्या यांची जी बतावणी रंगते, तिच्यात एक बोलतो तेव्हा दुसरा त्याच्याकडे टक लावून पाहत असतो. मागे उभे असलेले सुरत्ये 'जी जी' म्हणून ठेका धरतात, तेही बोलणाऱ्याकडे वळून. माणूस वस्तूपेक्षा माणसाकडे आधी पाहतो, आणि तो माणूस जिकडे पाहत असेल तिकडे लगेच पाहतो. तान्हे मूलदेखील आईच्या नजरेमागे नजर नेते. लोककलावंताने हा मनुष्यस्वभाव हेरून त्याचे शास्त्र केले.

दुसरे साधन ध्वनी. डोळ्याला पाठीमागचे दिसत नाही. कानाला ऐकू येते. आवाज एका कानाशी दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ आधी पोहोचतो, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. आभासी नाटकाचे ध्वनियोजक आज ज्याला दिशायुक्त ध्वनी म्हणतात तो हाच. पण संबळ वाजविणारा पाऊल टाकून अंगणाच्या दुसऱ्या कडेला जातो आणि सगळ्या माना त्याच्यामागे फिरतात, तेव्हा तेच घडत असते. आधी आवाज, मग मान, मग दृश्य, हा क्रम त्याला ठाऊक असतो. आवाज आणि बोलणारा यांची फारकत झाली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्यात शेकडो कलावंत, हत्ती, घोडे अवाढव्य रंगमंचावर येत, पण संवाद ध्वनिमुद्रित होते. आवाज ध्वनिक्षेपकातून येत असला की बोलतो कोण हे डोळ्यांना शोधावे लागते. मग हातवारे मोठे करावे लागतात, बाकीच्यांना स्थिर राहावे लागते. जेथे कान दिशा सांगत नाही तेथे शरीराला ती सांगावी लागते.

तिसरे साधन धीर. हे यंत्राला सर्वांत अवघड जाते. कसलेला गोंधळी किंवा सोंगाड्या समोरच्या माना मोजत असतो. लक्ष विखुरले असे दिसले की तो कथा पुढे रेटत नाही. एक ओळ पुन्हा घेतो, कोणाच्या तरी मुंडाशावर कोटी करतो, हशा पिकवितो आणि सगळे वळले की मगच मुख्य गोष्ट सांगतो. आभासी माध्यमातील एका आरंभीच्या लघुकथापटाने, २०१५ च्या 'लॉस्ट'ने, हीच युक्ती अवलंबिली : प्रेक्षक पाहावयाच्या दिशेकडे पाहीपर्यंत कथा थांबून राही. तंत्रज्ञांना तो शोध वाटला. माळेगावच्या राहुटीत ते रोजचे काम आहे.

यापैकी काहीही नागर रंगभूमीला परके नाही. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी ब्राह्मणांची जी हलती भिंत उभी केली, ती नजरेचे दारच होती. ती पाठ फिरवी तेव्हा काही लपविले जाई, उघडे तेव्हा तेच दाखविले जाई. औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चे प्रयोग केले. त्यांत ५२ पात्रे होती आणि रंगमंचावर माणूस एकच. ते मान तिरपी करून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत आणि प्रेक्षकाला तेथे दुसरा माणूस दिसे. कोणत्याही यंत्राविना साधलेले ते आभासी वास्तवच होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

एकट्या प्रेक्षकाचा प्रश्न

येथे एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. यात्रेत किंवा अंगणात प्रेक्षक एकटा नसतो. शेजारच्याची मान वळली की त्याची वळते; सगळे हसले की तोही हसतो. यंत्र चढविलेला प्रेक्षक मात्र एकाकी असतो. दाटीवाटीने बसलेल्या लोकांची रीत त्याला कशी लागू पडावी?

आक्षेप खरा आहे आणि त्याच्यातच उत्तर दडले आहे. या प्रेक्षकाला जे हवे ते म्हणजे शेजारी. दिशा दाखविणाऱ्या बाणापेक्षा आणि काजव्यापेक्षाही त्याला असा कोणी हवा, जो त्याच्या बाजूला उभा राहून पाहील, दचकेल, विचारील, आणि ज्याच्या नजरेमागे त्याची नजर जाईल. असा शेजारी म्हणजेच झीलकरी. तो कथेच्या आत असतो आणि प्रेक्षकांपैकीही एक असतो. आभासी रंगभूमीला जी भूमिका नव्याने निर्माण करावी लागत आहे, ती मराठवाड्याच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. प्रेक्षकाला मोकळे सोडणे हेच या माध्यमाचे वैशिष्ट्य असेल तर त्याची मान वळवावयाचीच कशाला? त्याला हवे ते पाहू द्यावे. हे म्हणणे उदार वाटते, पण मोकळा सोडलेला प्रेक्षक खरोखर मोकळा असतो काय, याचा विचार करावा लागेल. मोकळी नजर जे मोठे, झगझगीत आणि भयंकर असेल तिकडे आधी जाते. तिला कोणीच वळविले नाही तर तिला भडकपणा वळवितो.

लातूर जिल्ह्याला हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे एका कल्पित उदाहरणाने दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी आणि परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली. उद्या कोणी या पहाटेचे आभासी नाटक करावयास घेतले तर यंत्र सर्व काही दाखवू शकेल : कोसळणारे छत, धूळ, किंकाळ्या. प्रेक्षकाला ढिगाऱ्याखाली उभे करणेही त्याला अशक्य नाही. मोकळी नजर तिकडेच जाईल आणि प्रेक्षक थरारून, कदाचित रडून, यंत्र उतरवील. पण ती माणसे मेली कशाने? भूकंपाइतकीच ती भिंतींनी मारली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचा जड थर, हे त्या घरांचे बांधकाम मृत्यूचे मोठे कारण ठरले. हे कळावयाचे तर प्रेक्षकाची नजर किंकाळीकडून भिंतीकडे वळली पाहिजे. ती कोण वळवील? दृश्यात एखादा म्हातारा गवंडी असावा, त्याने दगडांमधला सांधा चाचपून पाहावा, आणि तो पाहतो म्हणून प्रेक्षकानेही पाहावे. लक्ष वळविणे हा मग तंत्राचा प्रश्न राहत नाही. ज्यांचे दुःख दाखवावयाचे त्यांचा तमाशा होऊ द्यावयाचा की नाही, हा त्याचा खरा अर्थ आहे.

त्यात एक व्यावहारिक धोकाही आहे. नाट्यगृहातील खुर्चीला प्रेक्षक कोठे पाहतो हे कळत नसे. या यंत्राला मानेचे प्रत्येक वळण कळते, आणि काही यंत्रांतील कॅमेरे बुबुळाची दिशाही टिपतात. गोंधळीही प्रेक्षकाची नजर वाचतो, पण ती वाचून तो कथा सुधारतो आणि पहाटे आपल्या वाटेने जातो. त्या नजरेची नोंद कोठे साठत नाही. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर अशी यंत्रे चढविणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी नजरेच्या नोंदीचे पुढे काय होते हे यंत्र विकणाऱ्यास आधी विचारावयास हवे.

खरेदी यंत्राची, अडगळ कलावंताची

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली नांदेडला स्थापन झाले. लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. नाट्यशिक्षणाची सोय विद्यापीठात आहे, युवक महोत्सवांत लोककलांच्या स्पर्धा होतात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी संघ दरवर्षी राबतात. दुसरीकडे लातूरची महाविद्यालये विज्ञानशिक्षणासाठी राज्यभर ओळखली जातात आणि यंत्र हाताळणाऱ्या मुलांची तेथे वाण नाही. या दोन गोष्टींची गाठ मात्र क्वचितच पडते. भीती अशी की आभासी तंत्र येथे येईल ते खरेदीच्या रूपाने : दहा-वीस यंत्रे, एक उद्घाटन, एक फलक, आणि त्यांत दाखविली जाईल परदेशातून आलेली चित्रमाला. ज्यांच्या अंगी या माध्यमाची खरी विद्या आहे ते गोंधळी आणि तमासगीर उद्घाटनाच्या दिवशी स्वागतापुरते संबळ वाजवितील आणि निरोप घेतील.

याला पर्याय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. लोककलेचे ध्वनिमुद्रण आजवर पुष्कळ झाले. गाणी उतरून घेतली गेली, आख्याने छापली गेली. पण कलावंत कोणत्या क्षणी कोणाकडे पाहतो, साथीदार केव्हा मागे सरतो, दिवटी कोणाच्या तोंडासमोर धरली जाते, विस्कटलेले लक्ष किती वेळात परत आणले जाते, याची नोंद क्वचितच कोणी घेतली असेल. चहूबाजूंचे चित्र टिपणारा कॅमेरा अंगणाच्या मध्यभागी ठेवला तर ही नोंद प्रथमच शक्य होईल, आणि प्रेक्षकांच्या मानाही त्याच चित्रात येतील. नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती वाचावी, संगणकाच्या विद्यार्थ्याने तिचे नियम बांधावेत, आणि गोंधळ्याला मानधन देऊन वर्गात शिक्षक म्हणून बोलवावे. नमुना म्हणून नव्हे. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांनी 'आवर्त'मध्ये लोकनाट्याचा घाट घेऊन समकालीन दलित अनुभव मांडला, तेव्हा जुन्या घाटात नवा आशय मावतो हे दिसून आले होते. आता नव्या यंत्रात जुनी विद्या मावते की नाही, हे पाहावयाचे आहे.

घाई करावयास हवी, याचे कारण यंत्र नव्हे. यंत्रे दरवर्षी स्वस्त होतील आणि थांबणाऱ्याचे त्यात नुकसान नाही. पण रात्रभर आख्यान लावणारे गोंधळी कमी होत आहेत, लग्नातील गोंधळ तासाभरात उरकला जात आहे, आणि ध्वनिक्षेपकाच्या भिंती आल्यापासून संबळाच्या मागे मान वळविण्याची गरजही उरलेली नाही. ज्या झीलकऱ्याला विचारावयाचे तो वयस्क आहे. विद्यापीठाच्या पुढील अंदाजपत्रकात यंत्रांसाठी तरतूद होईल तेव्हा त्याच पानावर त्याच्या मानधनाचीही एक ओळ असावी, एवढी मागणी माफक म्हटली पाहिजे.